दोघांनी द्यायचं, एकानं घ्यायचं

साठी ओलांडल्यावर मालन चोरगेच्या दंडात बेटकुळी आली. या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात, सुनेच्या नावानं बोटं मोडतात, नाहीतर बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेतात. मालन तांदळाची पिशवी छातीशी धरून उठाबशा काढायची. कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हा आखाडा चालायचा. बिल्डिंगमधल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग कौतुक करायला लागल्या. आणि खरं सांगायचं तर तिचं जे वाटोळं झालं ते त्या कौतुकानंच केलं. हसणाऱ्यांनी तिचं काहीच बिघडवलं नव्हतं.

तिचा नवरा दौलत कल्याणच्या बाजारात माथाडी होता. मिसरूड फुटायच्या आत पाटणकडच्या खेड्यातून आला आणि साखरेची, तांदळाची, कांद्याबटाट्याची पोती वाहता वाहता म्हातारा झाला. गाडी आली की पाठ पुढं करायची, गोदामात थप्पी लावायची, परत गाडीशी यायचं. टोळीत त्याच्या पाठीला मान होता. काम सुटलं, आता गावाला जाऊन घर शाकारू म्हणाला, आणि वर्ष सरायच्या आत अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू नेली. वाचाही नेली. उरले ते दोनचार शब्द, 'हां', 'नको' आणि 'मालन'. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचं ओझं वाहिलं तोच आता घरातलं सगळ्यात मोठं ओझं झाला. नशिबाला थट्टा करायची हुक्की आली की ते गरिबाचंच दार वाजवतं. आणि ओझं म्हणजे खरोखरचं ओझं बरं का. हाडापेरानं दांडगा माणूस, आजारानं थोडा वाळला होता, पण भरल्या पोत्याहून हलका काही झाला नव्हता.

सकाळी रघु नावाचा वॉर्डबॉय येऊन दौलतला आंघोळ घालून जायचा. बाकी दिवसभर मालन. पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर, तिथून चाकाच्या खुर्चीवर, जेवण झालं की परत पलंगावर. विहिरीवरून हंडा उचलावा तशी ती कंबरेतून वाकून त्याला काखेत धरायची आणि देवाचं नाव घेऊन ओढायची. जूनमधल्या एका दुपारी तिच्या कंबरेनं नाही म्हणून सांगितलं. दोघंही पलंग आणि खुर्चीच्या मधे फरशीवर घसरली. मालनला उठता येईना, दौलतला तर प्रश्नच नव्हता. फोन स्वयंपाकघरात वाजत राहिला. दोघं फरशीवर एकमेकांना टेकून बसून राहिली, ती संध्याकाळी सून संचिता ऑफिसातून आली तोवर. दौलतच्या लुंगीची दशा झाली होती. संचितानं बादली आणली. वाईट बाई नव्हती ती, फक्त दमलेली होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर विनीतनं, म्हणजे मुलानं, घसा साफ केला.

"आई, खडवलीला एक आश्रम आहे. माझ्या ऑफिसमधल्याचे वडील आहेत तिथं. मस्त आहे एकदम. नदी आहे, झाडं आहेत, चोवीस तास माणसं असतात."

"नदी कशाला? पोहणारेत का ते?"

"तसं नाही गं. तुझ्याच्यानं होत नाही ना आता."

"मग तू उचल."

"मी ऑफिसला असतो."

"सकाळी?"

"सकाळी जिम असतो ना, आई."

हे तो अगदी सरळ चेहऱ्यानं बोलला. विनीत ठाण्याला एका विमा कंपनीत होता आणि गेली काही वर्षं एका एसी जिममध्ये लोखंड उचलत होता. सोमवारी छाती, मंगळवारी दंड, बुधवारी पुन्हा छाती, कारण सोमवारची मनासारखी झालेली नसायची. टी-शर्टच्या बाह्या दंडाला चिकटून बसलेल्या, आणि खाली पाय म्हणाल तर शेवग्याच्या शेंगा. घरात एवढा बाहुबली असताना बापाला उचलायला माणूस नव्हता.

मालननं नवऱ्याकडं पाहिलं. पलंगावरून तो सगळं ऐकत होता. त्याचा डावा हात चादरीची कड चुरगाळत होता.

"मला दिवाळीपर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "मी एकटी यांना उचलून दाखवते. नाही जमलं तर न्या खडवलीला."

विनीत हसला आणि बरं म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी आठवडाभरात शुद्धीवर येईल.

दुसऱ्या दिवशी मालननं मागच्या चाळीतल्या केशरबाईच्या पायलला बोलावलं. पायल स्टेशनजवळच्या एका जिममध्ये बायकांची दुपारची बॅच घ्यायची. ट्रॅकपँट, खांद्यावर सॅक, बोलण्यात फटकळ.

"आधी मला दाखवा, कसं उचलता ते," ती म्हणाली.

मालननं दाखवलं. पायलनं मधेच तिचा खांदा धरला.

"थांबा, थांबा काकू! सगळं कंबरेवर घेताय तुम्ही. मांड्या कशाला दिल्यात देवानं? नुसत्या बसायला?"

मग चहा पिता पिता दोघींनी आठवडा आखला. सोमवारी बसणं-उठणं आणि ढकलणं. तांदळाची पिशवी छातीशी धरून स्टुलावर बसायचं आणि उठायचं, मग भिंतीला हात लावून जोर काढायचे. बुधवारी वाकून उचलणं आणि ओढणं. पाण्याचे दोन कॅन पायांशी ठेवायचे, पाठ सरळ ठेवून, ढुंगण मागं नेऊन ते उचलायचे; मग खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून पोटाकडं ओढायचा. शुक्रवारी सगळं थोडं थोडं, आणि शेवटी दोन्ही हातांत कॅन धरून पॅसेजमधून येरझाऱ्या. मधल्या दिवशी नुसतं चालणं आणि हातपाय मोकळे करणं. जेवणात मूठभर चणे आणि अंडी. जेव्हा जड लागेनासं होईल तेव्हाच वजन वाढवायचं, आणि तेही थोडंसंच.

"एक लक्षात ठेवा. पुढचं जेवढं कराल तेवढंच मागचं करायचं. वरचं जेवढं तेवढंच खालचं. नाहीतर माणूस वाकडा होतो," पायल म्हणाली. "आमच्याकडं पोरं येतात ना, आरशात दिसतं तेवढंच करतात. पाठ दिसत नाही, पाय दिसत नाहीत, म्हणून सोडून देतात."

"पाय पँटमध्येच असतात गं," आतून विनीतचा आवाज आला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. दोघी हसल्या. दौलतही अर्ध्या तोंडानं हसला.

"आणि रविवारी सुट्टी," पायल म्हणाली.

"मला कसली सुट्टी? हे रविवारी हवेत तरंगणारेत का?"

"काकू, ताकद व्यायामाच्या दिवशी येत नाही, आरामाच्या दिवशी भरते. रविवारी तुम्ही व्यायामही करायचा नाही आणि काकांनाही उचलायचं नाही. नाहीतर मी शिकवणार नाही. खरंच सांगते."

विनीत बाहेर आला. पायलसमोर त्याला जरा मोठेपणा दाखवायचा असावा. "संडे माझा," तो म्हणाला. "बाबांना संडेला मी उचलणार. डन."

मालनला एवढं बरं वाटलं की तिनं त्याला आणखी एक अंडं उकडून दिलं.

मांड्या पहिले पंधरा दिवस इतक्या दुखल्या की तिला संडासात बसवेना. मग दुखणं कमी झालं, पिशवी मोठी झाली, अर्धे कॅन पूर्ण भरले गेले. पायल आठवड्यातून एकदा येऊन चुका काढायची. तिनं उचलायची पद्धतही शिकवली. दौलतच्या कमरेभोवती गमछा आवळायचा आणि त्यालाच धरायचं. आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना भिडवायचे, म्हणजे त्याचा पाय दुमडत नाही. त्याला पुढं झुकवायचं, तीन म्हणताच मांड्यांवर उठायचं आणि कंबर न मुरडता पावलं टाकत वळायचं. ऑगस्ट सरता सरता एका सकाळी, रघु यायच्या आधीच, मालननं एकटीनं, न ओढता, दौलतला उचललं आणि खुर्चीवर फुलासारखं ठेवलं. तिला स्वतःचंच हसू आलं. लग्नात या माणसानं तिला उचलून बैलगाडीत ठेवलं होतं, तेव्हा ती लाजून मेली होती. आता बरोबरी झाली.

"काय, कसं वाटलं?" तिनं विचारलं.

दौलत खूश दिसेना. त्याचे ओठ वाकडेतिकडे झाले, गळ्याची शीर फुगली, आणि झटका आल्यापासून कधी न बोललेला शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला.

"एकटी," तो म्हणाला. "एकटी... नको."

"अहो, मला काही होत नाही. हे बघा," म्हणून तिनं दंड दाखवला. तिला वाटलं, पुरुषमाणूस आहे, बायकोनं उचललेलं मनाला लागलं असेल. नाहीतर तिच्या कंबरेची काळजी असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिला ते गोडच वाटलं. त्यानंतर तो रोज म्हणायचा आणि ती रोज दंड दाखवायची.

रविवारचं म्हणाल तर पहिले काही रविवार विनीतनं खरंच पाळले. पण त्याची तऱ्हा अशी की बापाला मिठी मारायची आणि दंडांच्या जोरावर खेचायचं. दौलत कण्हायचा, संचिता मागून ढकलायची आणि मालनला हातातली पोळी तव्यावर टाकून धावावं लागायचं. "गुडघे वाकव रे," ती सांगायची. "पायल दाखवते, शिकून घे." तो म्हणायचा, बघू. मग एका रविवारी म्हणाला, "आई, तू पटकन करतेस गं. माझ्या हातून त्यांना दुखतं." हे बापाच्या काळजीनं म्हटल्यासारखं वाटलं, म्हणून तिनंच उचललं. पुढच्या रविवारी तो जिमला गेला. रविवारी म्हणे तिथं गर्दी नसते, सगळी मशीन रिकामी असतात, छाती मस्त होते. पायल चिडली. दोन रविवार तिनं स्वतः येऊन हात दिला, पण मग तिला डोंबिवलीला एका मोठ्या जिममध्ये काम मिळालं आणि तिथं रविवारची बॅचही लागली. पोरीनं स्वतःचं पोट बघायचं की लोकांचे बाप उचलायचे?

नवरात्रात बिल्डिंगच्या मंडळानं मालनचा सत्कार ठेवला. कल्पना देवयानीताईंची, म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षांची. मांडवात नऊवारी नेसवून मालनला उभं केलं, शाल दिली, नारळ दिला, आणि 'आजची दुर्गा' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेली ट्रॉफी दिली. देवयानीताई माइकवर म्हणाल्या, सावित्रीनं यमाशी वाद घातला, आमच्या मालनताई तर पतीला रोज उचलून आणतात. टाळ्या. मग सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मालननं मांडवातच दौलतला चाकाच्या खुर्चीतून उचलून सोफ्यावर बसवलं. शंभर मोबाइल वर झाले. दौलतनं डोळे मिटून घेतले होते. आयुष्यभर मान ताठ ठेवून पाठीवर पोती वाहिलेला तो माणूस, त्याला कुणीच विचारलं नव्हतं. विनीतनं भाषण केलं. "लोक विचारतात तुमचा जिम कुठला. मी म्हणतो, माझा जिम घरीच आहे, माझी आई." पुन्हा टाळ्या. मालनचे डोळे भरून आले. मुलगा चार माणसांत आपलं नाव काढतोय, याहून आईला काय हवं असतं?

सगळ्या मांडवात टाळी न वाजवलेला माणूस एकच होता. दौलतच्या टोळीतला सीताराम. तो दौलतला भेटायला म्हणून आला होता आणि अनायासे कार्यक्रमात सापडला. घरी आल्यावर त्यानं चहा नको म्हटलं आणि दौलतशेजारी बसून राहिला.

"एकटी," दौलत त्याला म्हणाला आणि मालनकडं बोट केलं. "नको."

"कळलं रे," सीताराम म्हणाला. मग मालनला म्हणाला, "वहिनी, हा काय सांगतोय कळतंय का तुम्हाला?"

"हो की. माझी कंबर जाईल म्हणतात."

"कंबरेचं नाही सांगत तो. आमच्या टोळीचा नियम होता. पोतं दोघांनी द्यायचं, एकानं घ्यायचं. गडी कितीबी दांडगा असूदे, जमिनीवरनं एकट्यानं पोतं पाठीवर घ्यायचं नाही. येत होतं आम्हाला. दौलतला तर सहज यायचं. पण घ्यायचं नाही."

"का बरं?"

"एकदा एकट्यानं घेतलं की मुकादम बघतो. म्हणतो, याला गडी कशाला द्यायचे? दुसऱ्या दिवसापास्नं देणारे दोघं दुसऱ्या थप्पीला, आणि तू मर एकटा. परत कितीबी बोंब मारा, गडी मिळत नाही. नवा पोरगा टोळीत आला की दौलतच त्याला पहिल्या दिवशी हे सांगायचा. मुकादमाच्या देखत कधी एकट्यानं उचलू नको म्हणायचा."

मालन हसली. "भावजी, ही काय गोदामातली पोती आहेत का? आपलीच माणसं आहेत घरातली. इथं कुठला आलाय मुकादम?"

सीतारामनं दौलतचा डावा हात थोपटला आणि चपला घातल्या. मालननं त्याच्या हातात प्रसादाचा पुडा दिला आणि ती ट्रॉफी पुसून टीव्हीवर ठेवली.

दसरा झाला आणि विनीतनं रघुला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मालनला ते दुसऱ्या सकाळी रघु आला नाही तेव्हा कळलं. "कशाला आता?" विनीत म्हणाला. "त्याच्यापेक्षा तूच नीट करतेस. तो आदळतो बाबांना." संचितानंही सकाळी दौलतचा चहा, औषधं करायचं सोडलं. तिला कुणी सोड म्हणालं नव्हतं, पण होत होतं सगळं, म्हणून तिच्या लक्षातून गेलं.

दिवाळी आली. खडवलीचं नाव कुणी काढलं नाही. मालननं जिंकली होती पैज. भाऊबीजेला तिनं दौलतला नवा सदरा घातला आणि मनातल्या मनात देवाला सांगितलं की आता माझं काही मागणं नाही. संध्याकाळी विनीत आणि संचिता जोडीनं समोर येऊन बसली. जोडीनं बसतात तेव्हाच खरं तर ओळखायला हवं.

"आई, ठाण्याला फ्लॅट बघितलाय आम्ही. घोडबंदर रोडला. भाड्यानं नाही, आपलाच."

"बरं झालं की. कधी जायचं आपण?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "म्हणजे... तिथं बाबांना सगळं नवीन होईल ना गं," विनीत म्हणाला. "इथं तळमजला आहे, ओळखीची माणसं आहेत. आधी आम्हाला टेन्शन होतं, तुम्हाला सोडून जायचं कसं. पण आता काय? तू एकटी दहा माणसांना भारी आहेस. आणि संडेला येणारच आहे मी. संडे माझा."

मालन टीव्हीवरच्या ट्रॉफीकडं बघत राहिली. दुबळी राहिली असती तर दौलत खडवलीला गेला असता. धडधाकट झाली म्हणून विनीत ठाण्याला चालला. हा कसला न्याय, हे तिला कुणी तरी समजावून सांगायला हवं होतं. पलंगावरून दौलत तिच्याकडं बघत होता. बोलण्यासारखं त्यानं केव्हाच बोलून ठेवलं होतं, आणि तिनं त्यावर दंड दाखवला होता.

संताप आला तिला. मुलाचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. पण जाणाऱ्या मुलाला अपशकुन नको म्हणून तिनं लोणच्याची बरणी बांधून दिली.

ते गेल्यावर विनीत दोनदा आला. तेही चहाच्या वेळेला, आणि दौलतला उचलायची वेळ सकाळी, जेवणानंतर आणि रात्री. मग फोन यायला लागले. मालनचा आठवडा कोलमडला. सोमवार, बुधवार, शुक्रवारचा व्यायाम करायला जीव उरेना, कारण उचलणं सातही दिवस आणि आराम एकही दिवस नाही. पायल सांगायची तसंच झालं, भरायला वेळच मिळाला नाही तर ताकद येणार कुठून? उजवा खांदा रात्री ठणकायचा. तो खांदा गेला की पुढं काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नदी, झाडं, चोवीस तास माणसं. तिनं सीतारामला निरोप धाडावा असं दोनदा मनात आणलं. पण तोही आता वाकलेला, काठी टेकत चालणारा. एकदा तिला वाटलं, टोळीतल्या माणसासारखं करावं. गडी मिळेना तर पोतं वाटेत टाकून द्यावं, मग येईल मुकादम धावत. पण पोतं टाकता येतं. नवऱ्याला कसं टाकायचं? मुलगा धावत येईल म्हणून त्याला फरशीवर झोपवून ठेवायचं का? तसं करणारी बाई ती नव्हती, आणि ते विनीतला चांगलं माहीत होतं.

गुढीपाडव्याच्या पुढच्या रविवारी नव्या घरी सत्यनारायण होता. विनीतनं टॅक्सी पाठवली. दौलतला टॅक्सीत बसवताना बिल्डिंगच्या वॉचमननं त्याचे पाय उचलून धरले. ठाण्याला टॉवरच्या खाली विनीत स्वतः उभा होता, रेशमी कुर्त्यात, बाह्या दंडावर तटतटलेल्या. सोबत पाचसहा नवे शेजारी होते. चाकाची खुर्ची काढून तयार ठेवली होती.

"ही माझी आई," तो शेजाऱ्यांना म्हणाला. "आता बघा हं. आई, घे ना बाबांना." आणि त्यानं मोबाइल वर केला.

मालन उतरली, पदर नीट केला आणि तशीच उभी राहिली.

"आज रविवार आहे," ती म्हणाली.

"मग?"

"रविवार तुझा."

शेजाऱ्यांपैकी एक जण हसला. विनीतचा चेहरा उतरला. "आई, काय हे. आत्ता?"

"आत्ताच. दोघं मिळून घेऊ. तू गमछा धर, मी गुडघे धरते. गुडघे वाकव म्हणजे झालं. माझा खांदा दुखतोय विनीत, रोज दुखतो."

हे तिनं चार माणसांत सांगितलं. घरात सांगून झालं होतं, फोनवर सांगून झालं होतं. दौलत गाडीतून मुलाकडं बघत होता, आणि त्यानं डावा हात पुढं केला होता.

विनीतनं क्षणभर विचार केला. पण तो दंडवाला गडी होता, समोर नवे शेजारी होते, आणि म्हाताऱ्या आईची मदत घ्यायची म्हणजे फारच झालं. "सरक, आई," तो म्हणाला. मोबाइल शेजाऱ्याकडं दिला, "तुम्ही शूट करा," म्हणाला. गाडीच्या दारात कंबरेतून वाकला, बापाला दोन्ही काखांत धरलं आणि खेचलं. दौलत सीटवरून अर्धा बाहेर आला. आणि विनीत "आई गं" म्हणून तिथंच अडकला, वाकलेला, लहान पोरासारखा चेहरा करून. दौलत खाली निसटत होता. मालननं आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला भिडवला, गमछा पकडला, मांड्यांवर उठली आणि वळून त्याला खुर्चीत बसवलं. एकटीनं. खांद्यात कळ आली ती डोळ्यांपर्यंत गेली.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कमाल आहे आजींची," एक बाई म्हणाल्या. शेजाऱ्याच्या हातातला मोबाइल अजून वरच होता.

पूजेला संचिता एकटीच बसली. विनीतला सोफ्यावर आडवं केलं होतं, पाठीला गरम पिशवी, उशाशी पाहुण्यांची रीघ. जो तो त्याची विचारपूस करत होता. वडिलांना उचलायला गेला हो बिचारा, किती करतो म्हातारा-म्हातारीचं. मालन दौलतला चमच्यानं शिरा भरवत होती. त्याला भूक नव्हती, पण प्रसाद टाकायचा नाही म्हणून तो गिळत होता.

शनिवारी रात्री विनीतचा फोन आला. आवाज पडलेला.

"आई, कंबर गेली गं पार. डॉक्टरनं दीड महिना काहीच उचलू नका सांगितलंय. पूर्ण रेस्ट. संडेचं आता नाही जमणार, हां?"

मालनला म्हणावंसं वाटलं, आधी तरी कुठं जमत होतं. म्हणावंसं वाटलं, तुझी कंबर एकदा गेली तर दीड महिना सुट्टी, आणि माझा खांदा? बरंच काही जिभेवर आलं. पण मुलगा कण्हत होता, आणि ती त्याची आई होती. तिला स्वतःचाच राग आला, तरी तोंडातून निघायचं तेच निघालं.

"शेक घे," ती म्हणाली. "वाकू नको. संचिताला सांग, ओवा घालून तेल गरम कर म्हणावं."

फोन ठेवून ती पलंगाशी आली. दौलतची झोपायच्या आधी कमोडच्या खुर्चीवर बसायची वेळ झाली होती. तो जागाच होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मालन," तो म्हणाला. मग ओठ वाकडेतिकडे झाले, गळ्याची शीर फुगली. "एकटी."

या खेपेला तिनं दंड दाखवला नाही.

"हां," ती म्हणाली. "एकटी."

तिनं गमछा त्याच्या कमरेभोवती आवळला, गुडघे त्याच्या गुडघ्यांना भिडवले आणि त्याला उचललं.